रग्बी आली ती शाळेतून
१९७२ मध्ये अँडीज पर्वतात विमान कोसळलं, त्यातली पोरं फुटबॉलवेड्या उरुग्वेची असून रग्बी कशी काय खेळत होती असा प्रश्न पडतो, तर ते शाळेमुळे. मोंतेविदेओच्या कारास्कोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या वस्तीत, आयरिश ख्रिश्चन ब्रदर्सनी १९५५ मध्ये स्टेला मारिस ही शाळा काढली, तिथल्या कॅथलिक पालकांनीच बोलावलं होतं त्यांना, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हीत शिकवायचे. ब्रदर्सचं मत पक्कं, शिस्त हवी तर रग्बीच, पडलास तर ऊठ, रडू नकोस. माजी विद्यार्थ्यांचा ओल्ड ख्रिश्चन्स क्लब त्यातूनच निघाला. अँडीजमध्ये कोसळलेलं ते हवाई दलाचं विमान ह्याच क्लबने भाड्याने घेतलेलं, ४५ पैकी १६ वाचले. मदत शोधायला दहाएक दिवस बर्फातून चालत गेलेले पारादो आणि कानेसा दोघंही ह्याच शाळेचे. बाकी जगण्याचं सगळंच श्रेय शाळेला देतात ते मला जरा जास्तच वाटतं.