कॅलिफोर्निया लव्ह: वाळवंटाच्या व्हिडिओनं गाणं झाकलं की तारलं?

पिपाणी
अमेरिकन रॅपर टूपाकचं ‘कॅलिफोर्निया लव्ह’ हे गाणं म्हटलं की आधी त्याच्या व्हिडिओतलं वाळवंट आठवतं. साल २०९५, चामड्याचे कपडे, चहूकडे धुरळा. दिग्दर्शन हाइप विल्यम्सचं, कल्पना अभिनेत्री जेडा पिंकेटची, आणि १९८५ च्या ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’ या सिनेमाची छाप उघड. दिसायला जबर, पण मला तो गाण्याच्या उलट्या दिशेनं जाणारा वाटतो. गाणं गावांची नावं घेत जातं: कॉम्प्टन, वॉट्स, लाँग बीच, इंगलवूड, ओकलंड. आपल्या गल्लीचा अभिमान हा त्याचा गाभा. व्हिडिओत मात्र एकही गल्ली नाही. रीमिक्सचा (त्याच गाण्याच्या वेगळ्या संगीतातल्या रूपाचा) दुसरा व्हिडिओ, ज्यात टूपाक त्या वाळवंटाच्या स्वप्नातून जागा होतो आणि पार्टीला जातो, तोच गाण्याला शोभतो. बोला.

धुमाळी
साफ असहमत. १९९५ च्या शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या रॅपमधली घरची पार्टी, बार्बेक्यू, उड्या मारणाऱ्या गाड्या हे सगळं पाहून झालं होतं. खुद्द डॉ. ड्रेनं, म्हणजे याच गाण्यात टूपाकसोबत असलेल्या रॅपर-निर्मात्यानं, ‘नथिंग बट अ जी थँग’च्या व्हिडिओत तेच दाखवलं होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये १४ लाख डॉलरच्या जामिनावर टूपाक बाहेर आला आणि डिसेंबरात हे गाणं. तुरुंगातून आलेला माणूस पुन्हा त्याच अंगणात त्याच पार्टीला गेलेला दाखवला असता, तर टीव्हीवर लोक थांबले असते का? आवाज बंद करून दोन्ही व्हिडिओ बघा. पहिला पाच सेकंदांत ओळखू येतो. दुसरा त्या काळच्या दहा व्हिडिओंपैकी कुठलाही वाटेल.

पिपाणी
आवाज बंद करून बघायचं असेल तर गाणं कशाला हवं?

टेपकॅसेट
भांडणाआधी एक घोळ सोडवू या, कारण अर्धे लोक दोन वेगळ्या गाण्यांवर बोलत असतात. वाळवंटवाली मूळ आवृत्ती फेब्रुवारी १९९६ च्या ‘ऑल आइज ऑन मी’ या अल्बमवर नव्हतीच. तिथे आहे तो रीमिक्स, ६ मिनिटं २५ सेकंदांचा. मूळ पावणेपाच मिनिटांच्या आसपास, ती अल्बमात आली १९९८ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’वर. ओळखायची खूण सोपी: ज्यात जो कॉकरच्या १९७२ च्या ‘वुमन टू वुमन’ची पियानोची ठेक्याबाज सुरावट फिरत राहते ती मूळ. रीमिक्सचं संगीत क्लीअर या बँडच्या ‘इंटिमेट कनेक्शन’ गाण्यावर उभं आहे, जास्त मऊ आणि सुस्त. शब्द जवळपास तेच. म्हणजे पिपाणी, तुमची पार्टी मऊ संगीतावर आहे म्हणून शोभते. तेच चित्रण मूळ ठेक्यावर ठेवून बघा, ढिलं वाटेल.

अवांतर: कॉकरची ती सुरावट ड्रेनं शोधून काढली असं काही नाही. अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज या रॅप गटानं १९८७ मध्येच ‘फंकी’ गाण्यासाठी ती वापरली होती.

धुमाळी
+१. आणि शेवटी नंबर एक झालंच ना.

टेपकॅसेट
त्याचं श्रेय व्हिडिओला देऊ नका. बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत त्या काळी गाणं दुकानात सिंगल म्हणून (अल्बमपासून सुटं) विकायला असेल तरच मोजलं जायचं. हा नियम सुटला डिसेंबर १९९८ मध्ये. हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं जुलै १९९६ मध्ये, तेही ‘हाउ डू यू वाँट इट’ या टूपाकच्याच गाण्यासोबतच्या डबल ए-साइड सिंगलमुळे, म्हणजे दोन्ही गाणी मुख्य म्हणून एकत्र विकल्यामुळे. वाळवंटाचा व्हिडिओ येऊन तोवर सहा महिने उलटले होते. शिवाय दोन गाण्यांचा एक क्रमांक! कुठल्या बाजूमुळे विकलं गेलं ते कसं वेगळं काढणार?

नळी_वादक
सगळे व्हिडिओवर भांडताहेत आणि ज्याच्या हुकमुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य ओळीमुळे, गाणं लक्षात राहतं तो रॉजर ट्राउटमन कुणालाच आठवत नाही. तो ‘यंत्रातला’ आवाज ऑटोट्यून किंवा व्होकोडर या आवाज बदलणाऱ्या यंत्रणांचा नाही. तो टॉकबॉक्स.

सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) आवाज अँपमधून एका बंदिस्त ड्रायव्हरला, म्हणजे छोट्या स्पीकरला जातो, तिथून प्लास्टिकच्या नळीनं थेट वादकाच्या तोंडात. वादक गात नाही, घसा गप्प. ओठ-जीभ हलवून सिंथच्या सुरालाच तो शब्दांचा आकार देतो आणि समोरचा माइक ते टिपतो. स्वर बोटं ठरवतात, अक्षर तोंड ठरवतं.

घरी करून बघणाऱ्यांचं काय चुकतं ते लिहितो. नळीचं आतलं तोंड साधारण १० मिमी, लांबी पावणेदोन-दोन मीटर. जास्त लांब घेतली की वरच्या पट्टीचा चकाकता भाग मरतो आणि शब्द कळत नाहीत. नळी दातांच्या मधोमध धरू नका, बाजूच्या दाढांशी ठेवा, नाहीतर जीभ अडते. सिंथवर सॉ किंवा पल्स वेव्ह (तीक्ष्ण, भरीव आवाजाचे प्रकार) घ्या. साइन वेव्हमध्ये वरचे सूर नसतात, मग तोंडानं घडवायला हाती काही उरत नाही. ड्रायव्हरच्या आधी खालचा बेस कापा, नाहीतर पडदा फाटतो. मॉनिटर (वादकाला ऐकवणारा स्पीकर) माइकच्या तोंडावर असेल तर शिट्टी वाजणारच. आणि नळी धुवा, लाळ आत सुकते.

मराठीत हुक बांधणाऱ्यांसाठी: प, ब, म ला ओठ मिटावे लागतात, मिटले की आवाज कोंडतो. आ, ओ, ई, य, र, ल, व भरपूर असलेले शब्द निवडा. ‘कॅलिफोर्निया’ हा शब्द टॉकबॉक्सला इतका का मानवतो ते मोठ्यानं उच्चारून बघा.

पिपाणी
हे आवडलं. पण यानं माझंच म्हणणं पक्कं होतं. आवाजच एवढा परग्रहावरचा असेल तर चित्र जमिनीवरचं हवं. दोन्ही अधांतरी असले की गाव हरवतं.

नळी_वादक
उलट! तो आवाज कॉम्प्टनच्या अंगणातून येतोय हे डोळ्यांना पटत नाही. २०९५ मधून येतोय हे लगेच पटतं.

कात्री
संकलनाच्या बाजूनं दोन आणे. गाण्याची लय सुमारे ९२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९२ ठोके. सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका पडतो १५.६५ फ्रेमला. नवखे लोक १६ धरून कट लावत जातात. आठ बारमध्ये (एका बारला चार ठोके) ३२ ठोके, म्हणजे ११ फ्रेम मागे, जवळपास अर्धा सेकंद. मग ‘व्हिडिओत दम नाही’ अशी ओरड. दर बारला खूण करा, ठोके मोजत बसू नका.

वाळवंटी थाटाची नक्कल करणाऱ्यांना दुसरी अडचण स्लो मोशनची. ४८ फ्रेमनं शूट केलं तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं, म्हणजे १८४ ला वाजवावं लागतं, तरच नंतर ओठ जुळतात. हुकला चालतं. रॅपचा अंतरा त्या वेगानं सहसा तोंडात बसत नाही. अंतऱ्याला ३० फ्रेम घ्या आणि गाणं सव्वापट, ११५ ला. धुळीत जडपणा तेवढ्यानंही येतो. दिवा मागून लावा, समोरून लावला तर धूळ दिसतच नाही, नुसतं पांढुरकं होतं.

आणि पिपाणी, दुसऱ्या व्हिडिओबद्दल एक मान्य: तिथे टूपाक हसतो. वाळवंटात एवढ्या सामानाखाली चेहरा बघायला सवड मिळत नाही.

धुमाळी
चेहऱ्याचा मुद्दा घेतो. पण तो दुसरा व्हिडिओ सुरूच पहिल्याच्या स्वप्नापासून होतो. पहिला काढून टाका आणि मग सांगा, तो माणूस दचकून जागा कशानं झाला?