घरखर्च पूर्ण रोखीत चालवावा का? माझं मत: हो, आणि ते फक्त बचतीसाठी नाही

दापोलीकरीण

आमच्याकडे किराणा, मासळी, दूध, गॅस, वीजबिल, मुलांचा खर्च, औषधपाणी सगळं रोखीने होतं. फोनवरून पैसे देण्याची सोय यजमानांच्या फोनमध्ये आहे, पण ती त्यांच्या रिक्षाच्या धंद्यापुरती. घरखर्चातला एक रुपयाही त्यातून जात नाही.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 18,000 रुपये काढून आणते आणि कापडी पाकिटांत वाटते. किराणा 5,500, मासळी-भाजी-अंडी 4,000, दूध 2,200, गॅस आणि वीज 2,300, मुलांचं 2,000, औषधं आणि एसटी 2,000. एका पाकिटातले पैसे दुसऱ्या खर्चाला लागले तर आधी सगळ्यांसमोर बोलायचं, मग काढायचे, आणि वहीत लिहायचं.

आकडे बारा महिने सारखे राहत नाहीत, कोकणात ते शक्यच नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणून मासळीच्या पाकिटातून मे महिन्यात दुप्पट जातं: सोडे, सुकट, बोंबील, सुके बांगडे. पुढे दोन महिने त्या पाकिटाला भाजीपुरतंच काम. किराण्याचंही तसंच, मसाला आणि कडधान्याची बेगमी मेमध्येच होते. आंब्याचे पैसे आले की घर भरल्यासारखं वाटतं आणि श्रावणात चणचण लागते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाकिटं करायला लागल्यापासून मेमधला पैसा श्रावणापर्यंत पुरवता येतो.

रोखीने खर्च कमी होतो असं सगळे सांगतात. होतो थोडाफार. वीस, चाळीस, सत्तर रुपये फोनवरून गेले तर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पण मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. पैसा फोनमध्ये होता तेव्हा घरात किती शिल्लक आहे हे एकाच माणसाला माहीत असायचं. सासूबाईंना औषध आणायचं तर विचारावं लागायचं, मला भाजीला पैसे हवे तर "पाठवतो" ऐकून थांबावं लागायचं. आता कपाट उघडलं की घरातल्या कोणालाही कळतं. मोठी मुलगी दर रविवारी पाकिटं मोजून वहीशी ताळा करते. सासूबाई कोणाला न विचारता गोळ्या आणवतात.

फोनच्या हिशोबात दुकानदाराचं नाव दिसतं, तिथून काय आणलं ते दिसत नाही. वहीत तेच दिसतं. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी.

सावंतवाडी_निवृत्त

ताई, शिस्तीचं कौतुक आहे, पण पद्धत पटत नाही. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. कर्जासाठी आलेला बागायतदार कष्टाळू आणि प्रामाणिक असायचा, पण त्याच्या खात्यात पैसा आला की त्याच दिवशी निघून जायचा. कागदावर त्याची पत दिसणार कशी? किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी मिळतं, वेळेत फेडलं तर ते 4 टक्क्यांवर येतं. खातं वापरात असलेल्या माणसाला हे दार लवकर उघडतं.

दुसरं, आरोग्य विम्याचा हप्ता रोख भरलात तर आयकरात त्याची वजावट मिळत नाही. घरी जुन्या करपद्धतीने कर भरणारं कोणी असेल तर हा सरळ तोटा आहे. तिसरं, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, कपाटातल्या पाकिटाला काय? महिन्यातून एकदाच काढता हे बरं करता, नाहीतर स्वतःच्या बँकेच्या एटीएममधून पाच वेळा फुकट, पुढे प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत आणि वर कर. वीजबिल ऑनलाइन भरलं तर महावितरण पाव टक्का सूट देतं. बाराशेच्या बिलावर तीन रुपयेच होतात, पण रांगेतला वेळही वाचतो.

दापोलीकरीण

काका, आंब्याचे पैसे खात्यातच येतात आणि खात्यातच राहतात. महिन्याचे 18,000 तेवढे बाहेर येतात. विम्याचं म्हणणं मान्य, तो हप्ता खात्यातूनच जातो, मी त्याला घरखर्चात धरत नाही. तीन रुपयांच्या सुटीसाठी मात्र पद्धत बदलणार नाही.

मालवणची_मासेवाली

ह्या बाईचा बरोबर आसा. मी बाजारात मासे विकतंय. क्यूआर माझ्या झिलाच्या (मुलाच्या) नावाचो. गिऱ्हाईक पैशे टाकता, डबो बोलता, पण पैशे जातत झिलाच्या खात्यात. सांजेक बर्फवाल्याक नि टेम्पोवाल्याक देवचे पैशे माका झिलाकडे मागूचे लागतत. तो देता, झिल वायट नाय. पण दिवसभर उन्हात बसान मी कमवलंय, मग मी कित्याक मागू? आता मी गिऱ्हाईकाक सांगतंय, रोख असात तर रोख द्या.

गुहागरची_गटताई

मी बचत गटाचं काम करते आणि या धाग्याला माझा ठाम विरोध आहे.

दापोलीकरीणताई, तुमच्या घरात कपाट सगळ्यांसाठी उघडं आहे, चांगली गोष्ट आहे. पण हा सल्ला वाचणाऱ्या सगळ्यांची घरं तशी नाहीत. घरातली रोख सगळ्यांची म्हणतात आणि ज्याचा आवाज मोठा तो ती उचलतो. दारूसाठी तांदळाच्या डब्यात हात घालणारे पुरुष माझ्या गटातल्या बायकांनी पाहिले आहेत. रोज जागा बदलून लपवायचं, आणि तरी सापडायचं.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आठवा. 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि बायकांनी वर्षानुवर्षं साठवलेला पैसा नवऱ्यासमोर काढावा लागला, कारण कितीतरी जणींचं स्वतःचं खातंच नव्हतं किंवा असून चालू नव्हतं. मुलीच्या लग्नासाठी, माहेरच्या अडीनडीला बाजूला ठेवलेले पैसे होते ते. बदलून आल्यावर ते तिच्याकडे परत आलेच असं नाही. हे मी समोर बसून ऐकलं आहे, आणि म्हणून "रोख म्हणजे बाईच्या हातातला पैसा" हे वाक्य मला मान्य नाही.

मालवणच्या ताईंनी सांगितलेलं दुःख खरं आहे, पण त्यावर औषध रोख नाही. औषध आहे त्यांच्या स्वतःच्या नावाचा क्यूआर. खातं त्यांचं, सिम त्यांचं, पिन त्यांना पाठ. मग डब्यावर आवाज येईल तो त्यांच्या पैशांचा येईल. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये ऑगस्ट 2024 पासून थेट बाईच्या खात्यात जमा होऊ लागले, ते तिथेच राहिले तर तिचे. घरखर्चाच्या पाकिटात पडले की मीठ-मिरचीत जातात, आणि पुढे कोणी म्हणतं, तुला मिळतात की, मी कशाला देऊ.

दापोलीकरीण

गटताई, दारूचं घर असेल तर तुमचंच बरोबर, तिथे पाकिटं करून ठेवणं धोक्याचं आहे. लाडक्या बहिणीचे पैसे मीही पाकिटात टाकत नाही, ते माझे.

पण एक विचारते. खातं बाईच्या नावावर आहे म्हणून पैसा तिच्या ताब्यात असतो का? आमच्या वाडीत कितीतरी जणींचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं आणि पिन मुलाला ठाऊक असतो. खात्यावर तिचं नाव असतं, पैसे काढायला दुसराच जातो. पाकिटातली नोट निदान तिला मोजता येते.

गुहागरची_गटताई

मग कार्ड परत मागायचं. नाही मिळालं तर शाखेत जाऊन बंद करून नवं घ्यायचं, अर्जावर सही तिचीच लागते. कार्ड नको असेल तर गावातल्या बँक मित्राकडे आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे मिळतात. अंगठा तिच्याऐवजी कोणी देऊ शकत नाही. फक्त पावती मागून घ्यायची आणि शिल्लक विचारायची. गटाच्या बैठकीत आम्ही हेच शिकवतो. खात्याचा ताबा दुसऱ्याकडे आहे म्हणून खातंच सोडून रोखीकडे जाणं म्हणजे हक्क सोडून देणं आहे, ताई. मी यावर मागे हटणार नाही.

चिपळूणवासी

22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. एटीएम पाण्यात, वीज नाही, फोन मुके. ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर कोरडी रोख होती त्यांनी पुढचे दिवस दूध आणि पाणी विकत घेतलं, आणि शेजाऱ्यांनाही दिलं. ज्यांची रोख खालच्या कपाटात होती त्यांनी ओल्या नोटा दोरीवर वाळत घातल्या. पैसे बुडले असं समजू नका, खराब झालेल्या नोटा बँकेत बदलून मिळतात, मात्र फाटून तुकडे हरवले असतील तर उरलेल्या भागावरून किती मिळणार ते ठरतं.

दापोली-मंडणगडवाल्यांना तर हे सांगायला नको. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर काही गावांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा फोनमधला पैसा फोनमध्येच राहिला. म्हणून मी पंधरा दिवसांच्या खर्चाएवढी रोख प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवतो. सगळा घरखर्च रोखीत करायची गरज मला वाटत नाही, पण पावसाळ्यात रोखीशिवाय राहणंही कोकणात परवडणारं नाही.

अलिबागचा_मास्तर

रोखीने खर्च कमी होतो या मुद्द्यावर. यासाठी नेहमी एमआयटीतल्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या 2001 च्या प्रयोगाचा दाखला देतात. सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना कार्डाने पैसे द्यायचे असलेल्यांनी रोख देणाऱ्यांपेक्षा खूप जास्त बोली लावली. पण ते क्रेडिट कार्ड होतं, पैसे नंतर जाणारे. यूपीआयमध्ये पैसे त्याच क्षणी जातात. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावू नये. वीस-चाळीस रुपये लक्षात राहत नाहीत हे ताईंचं निरीक्षण मला त्या प्रयोगापेक्षा जवळचं वाटतं, माझ्याही घरी तेच होतं.

राजापूरचा_दुकानदार

काउंटरच्या या बाजूने सांगतो. पाकीट संपलं म्हणून खर्च थांबतो असं कोणी समजू नये. पाकीट संपलं की गिऱ्हाईक म्हणतं, "वहीवर लिहा." महिन्याच्या वीस तारखेनंतर माझी उधारीची वही भरायला लागते आणि त्यात रोखीने व्यवहार करणारीच घरं जास्त असतात. मी व्याज लावत नाही, पण उधारीचं गिऱ्हाईक घासाघीस करू शकत नाही आणि दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. हा तोटा त्यांच्या वहीत कधी दिसत नाही. शिवाय सुट्यांचा त्रास. एटीएममधून पाचशेची नोट येते आणि पंचवीस रुपयांच्या साबणाला पुढे केली जाते.

दापोलीकरीण

दादा, हा मुद्दा मोलाचा आहे. आमच्याकडे उधारी फक्त औषधांना, आणि ती झाली तर पुढच्या महिन्यात औषधाच्या पाकिटात पहिली तीच जाते. किराण्याला उधारी नाही. महिना संपत आला की जेवणात कुळथाची पिठी आणि सुकट, पण वहीवर काही नाही. हा नियम पाळला नाही तर पाकिटं करण्यात अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं मी पूर्ण मानते. सुट्यांसाठी मी बँकेतूनच शंभर-पन्नासच्या नोटा मागून घेते.

विरारचा_चाकरमानी

आईवडील गावी, दोघांचंही वय झालंय. मी त्यांच्या फोनमध्ये पैशांचं ॲप ठेवलेलंच नाही, फसवणुकीचे फोन ऐकून भीती बसली आहे. (कोणाच्या बाबतीत असं झालंच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.) पैसे आईच्या खात्यात टाकतो, ती महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी काढते आणि महिनाभर रोखीवर घर चालवते. त्यामुळे मला दापोलीकरीणताईंची पद्धत जवळची वाटते.

एक विचारायचं होतं. गणपतीच्या खर्चाचं काय करता? आमच्याकडे सगळा हिशोब तिथेच कोलमडतो. भजनी मंडळींचं चहापाणी, माटवीचं (गणपतीवर बांधायच्या मंडपीचं) सामान, आलेल्या-गेलेल्यांचं जेवण, आणि सगळे पैसे एकदम लागतात.

दापोलीकरीण

गणपतीचं पाकीट नाही करत, तिथे मी सावंतवाडीच्या काकांच्याच बाजूची आहे. आंब्याचे पैसे आले की त्यातले गणपतीचे वेगळे काढून माझ्या खात्यात ठेवते, घरात ठेवले तर जुलैच्या टंचाईत त्यांना हात लागतोच. टिकणारं सामान, म्हणजे तेल, गूळ, रवा, अगरबत्ती, श्रावणातच घेऊन टाकते, भाव चढायच्या आधी. उरलेली रोख चतुर्थीच्या आठ दिवस आधी काढायची. त्यानंतर मुंबईहून गाड्या यायला लागतात आणि आमच्याकडच्या एटीएममधल्या नोटा दुपारपर्यंत संपतात. तुमच्या आईंना तेवढं आठवणीने सांगा.