मायलेज घसरलं, पण टायर खराबच असेल असं नाही

दादा, नवे टायर बसवताच इंदूरमध्ये हायब्रिड गाडीचं मायलेज घसरलं म्हणून ते परत करायला निघालात. आधी हिशोब बघा. 215/60 आर17 मापाच्या टायरच्या नक्षीची खोली नवी असताना साधारण 8 मिमी, झिजल्यावर 2 मिमी. म्हणजे त्रिज्येत 6 मिमीचा फरक, सुमारे पावणेदोन टक्के. झिजलेलं चाक जास्त फेरे घेतं, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो, म्हणून मायलेजही जास्त दिसतं. नव्यावर तेच आकडे खाली येतात. शिवाय जाड रबर जास्त दबतं-वाकतं, त्यात ऊर्जा जाते. नवे टायर रुळेपर्यंत दोन-तीन हजार किलोमीटर थांबाच.

तरीही बदलायचेच असतील, तर बीईईच्या (सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) स्टार लेबलवाला टायर मागा. पण फक्त मायलेज पाहू नका, ओल्या रस्त्यावरची पकडही विचारा. पावसाळ्यात बडवाहच्या वाटेवर भेरूघाट उतरताना तीच कामाला येते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या कडेवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 1025 म्हणजे 2025 चा दहावा आठवडा.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. गरम टायरची हवा कमी करू नका. चाकांची अलाइनमेंट (ती सरळ आहेत का) मात्र लगेच तपासा, चाक तिरकं असेल तर कुठलाही टायर मायलेज देणार नाही.