देवस्थानाची जमीन अध्यक्षांच्याच मेहुण्याला: आधी पोलिसात की धर्मादायला?

गोदाकाठचा_गडी
जिल्हा परभणी. देवस्थानाला निजामाच्या काळापासून खिदमतमाशची, म्हणजे देवाच्या सेवेसाठी इनाम दिलेली, 14 एकर काळी जमीन. अध्यक्षांनी लिलाव न करता ती मेहुण्याला ठोक्यानं, म्हणजे ठरीव रकमेवर कसायला, दिली, चालू भावाच्या निम्म्यात. हिशोब विचारला की म्हणतात, "तू काय विश्वस्त हाईस का?" माझं मत : थेट भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघाताची फिर्याद द्यायची. बेड्या दिसल्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत.

काळा_कोट
फिर्यादीनं देवस्थानाच्या पेटीत रुपया तरी येतो का? बहुतेक वेळा ठाण्यात "दिवाणी बाब आहे" असं लिहून अर्ज निकाली निघतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 चं कलम 41-ड वाचा. गैरव्यवहार करणाऱ्या विश्वस्ताला धर्मादाय आयुक्त, म्हणजे अशा संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, निलंबित करू शकतात, काढूही शकतात. तोवर मालमत्ता सांभाळायला 41-इ खाली मनाई मागा. आणि अर्जासाठी विश्वस्त असावं लागत नाही. दर्शनाला जाणारा भाविकही कायद्यानं हितसंबंधित.

तारखांचा_मारेकरी
वकीलसाहेब, दोषारोप, खुलासा, पुरावा, तारखा. तवर मेहुणा चार पिकं घेऊन मोकळा! त्याच कायद्याच्या कलम 50 चा दावा का सांगत नाहीत? दोन हितसंबंधित लोक मिळून हिशोब, नुकसानभरपाई सगळं मागता येतं.

काळा_कोट
येतं की. पण कलम 51 प्रमाणे आधी आयुक्तांची लेखी संमती लागते. म्हणजे पायरी तीच.

माजी_तलाठी
भांडण मागून करा, आधी कागद काढा. मुंतखबाची (निजामकाळच्या इनाम-आदेशाची) नक्कल, 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक (तेव्हाची जमिनीची नोंद), आजचा सातबारा. कब्जेदाराच्या रकान्यात देवाऐवजी माणसाचं नाव चढलं असेल तर ठोक्याचा वाद किरकोळ समजा. फेरफार कोणत्या आदेशानं झाला तेही बघा. करार किती वर्षांचा? शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं द्यायला कलम 36 ची पूर्वमंजुरी लागते.

गोदाकाठचा_गडी
11 महिन्यांचा. दरवर्षी नवा करायलेत.

माजी_तलाठी
हुशार माणूस आहे.

काळा_कोट
36 मधून सुटला, पण नात्यातल्या माणसाला स्वस्तात देणं हा विश्वासभंगच. लेखापरीक्षण अहवालाची नक्कल काढा. नुकसान सिद्ध झालं तर कलम 40-41 च्या चौकशीतून ती रक्कम विश्वस्ताच्या खिशातून वसूल होते. मला विचाराल तर सगळ्यात टोचणारं हत्यार हेच. पैसा मात्र संस्थेकडे जातो, अर्जदाराला दमडी नाही.

सप्ताहवाला
कोर्टकचेरीनं गावात तट पडतात, सप्ताह बंद पडतो. ग्रामसभेत ठराव घ्या, काढा अध्यक्षाला.

तारखांचा_मारेकरी
ग्रामसभेला विश्वस्त काढायचा अधिकारच नाही. ठराव अर्जाला जोडा, वजन येईल.

सप्ताहवाला
अन् वीस वर्षांपूर्वीचा हिशोब? मुदत गेली की!

काळा_कोट
नाही. मुदत अधिनियमाचं कलम 10 बघा. विश्वस्ताकडून विश्वस्त मालमत्ता किंवा तिचा हिशोब मागायला मुदतीची आडकाठी नाही, आणि देवस्थानाचा व्यवस्थापक त्यात विश्वस्तच धरला जातो.

गोदाकाठचा_गडी
41-ड चा अर्ज टाकतो. पण फिर्याद सोडणार नाही, दोन्ही चालवीन.

काळा_कोट
चालवा. फक्त आधी लेखापरीक्षण अहवाल हातात घ्या, नाहीतर ठाणेदार पहिला प्रश्न तोच विचारेल.