जुना डेस्कटॉप मोडीत काढायचा की मदरबोर्ड बदलायचा?

कृष्णाकाठ:
"पाच वर्षांपेक्षा जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, सरळ नवा संगणक घ्यावा," असे हिशेबनीस यांनी काल लिहिले. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. माझ्याकडे इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५-६५०० प्रोसेसर होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षा-सुधारणा वगैरे) संपला आणि विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत, काही अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर असल्याने मला हालचाल करणे भाग पडले. जुन्या बोर्डावर सातव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर चालत नाही, कारण २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) पिना तितक्याच ठेवूनही इंटेलने बोर्डावर ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डाचे भाग जोडणारी चिप) सक्तीचा केला. म्हणून मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि त्याला चालणारा बी५५० बोर्ड घेतला. कॅबिनेट, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम, सगळे जुनेच राहिले. चारऐवजी बारा थ्रेड (प्रोसेसर एका वेळी हाताळतो ती कामे) मिळाले आणि शिकवणीच्या ज्या चित्रफितीला पाऊण तास लागत असे, ती आता वीस मिनिटांत तयार होते. यात पाण्यात काय गेले, ते त्यांनी सांगावे.

हिशेबनीस:
तुमचा संगणक सुटे भाग निवडून जोडलेला होता, म्हणून हे जमले. माझा रोख कार्यालयांतून निघणाऱ्या तयार कंपनी डेस्कटॉपकडे होता. त्यांतल्या अनेकांचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) वेगळ्याच पिनांचा आणि बोर्ड वेगळ्याच मापाचा असतो. बाजारातला बोर्ड आणावा तर कॅबिनेट बदलावे लागते, कॅबिनेट बदलावे तर एसएमपीएस, आणि शेवटी जुने म्हणून फक्त हार्डडिस्क उरते. शिवाय एएम४, म्हणजे तुमच्या रायझनचे सॉकेट, हा संपलेला रस्ता आहे. त्याच्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर केवळ डीडीआर५ ही पुढच्या पिढीची रॅम चालते, तेव्हा तीन वर्षांनी तुम्हाला बोर्ड आणि रॅम दोन्ही पुन्हा घ्यावे लागणार, हे लिहून ठेवा.

तापकीर गल्ली:
संपलेला रस्ता म्हणता, पण त्या रस्त्यावर मी २०१७ पासून चालतो आहे. रायझन ५ १६०० सोबत घेतलेल्या बी३५० (एएमडीच्या ३०० मालिकेतल्या) बोर्डावरच आज रायझन ७ ५७००एक्स बसला आहे. या ३०० मालिकेच्या बोर्डांवर ५००० मालिकेचे रायझन चालवण्याची सोय द्यायला एएमडी आधी तयार नव्हती, २०२२ मध्ये दिली. आणि २०२५ च्या अखेरीस मेमरीचे, म्हणजे रॅमचे, भाव कसे भडकले ते पाहिलेत ना? घरातली रॅम वाचवणे हाच आज मोठा फायदा आहे. मात्र नवा प्रोसेसर बसवण्याआधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस (संगणक सुरू करणारी, बोर्डावरच साठवलेली आज्ञावली) अद्ययावत करून घ्यावा, नाहीतर पडदा काळाच राहतो.

माळरान:
बायोसचे नाव काढलेत म्हणून लिहितो. आमच्याकडे दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. बायोस लिहिला जात असताना वीज गेली आणि माझा बोर्ड कायमचा बंद पडला. दुकानदाराने हमी नाकारली, कारण म्हणे चूक ग्राहकाची. शहरात बसून 'आधी बायोस करा' असे सांगणे फार सोपे आहे.

हिशेबनीस:
यूपीएसशिवाय बायोसला हात लावू नये, ही प्राथमिक गोष्ट आहे. दोष विजेला किंवा दुकानदाराला देऊ नये.

माळरान:
माझ्या यूपीएसची बॅटरी मेली होती आणि नवी घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते. तुमच्या 'प्राथमिक' या शब्दाचा मला मनापासून राग आला. अद्ययावत करण्याची सूचना बोर्ड बनवणारेच देतात. मग ती पाळताना झालेल्या नुकसानीला हमी का लागू नये?

तापकीर गल्ली:
माळरान यांचे म्हणणे रास्त आहे. भाग बदलताना मीही पोळलो आहे. हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढताना दोघांमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर सॉकेटमधून उपटून आला आणि चार पिना वाकल्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, म्हणून सुईने एकेक सरळ करता आली; इंटेलच्या सॉकेटमध्ये वाकल्या असत्या तर बोर्डच गेला असता. तेव्हापासून मी संगणक दहा मिनिटे चालवून पेस्ट मऊ करतो, मग तो बंद करून वायर काढतो आणि हीटसिंक उचलण्याआधी हलकेच फिरवतो. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिण्याची सोय असते आणि लिहिणे अर्धवट राहिले तर बहुधा त्याच मार्गाने बोर्ड परत उभा करता येतो. माळरान, पुढचा बोर्ड घ्याल तेव्हा त्या सोयीचे बटण पाहूनच घ्या.

माळरान:
हे मला दुकानात कोणी सांगितले असते, तर बोर्ड वाचला असता.

हिशेबनीस:
'प्राथमिक' हा शब्द मी मागे घेतो. जोडणीच्या संगणकात डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर बोर्ड आणि प्रोसेसर बदलणे परवडते, एवढे मान्य करतो. त्याहून अधिक नाही. पण कृष्णाकाठ यांनी एसएमपीएसचा उल्लेखच टाळला आहे. तोही जुनाच आहे काय?

कृष्णाकाठ:
होय, २०१६ चा आहे. टाळला नव्हता, सुटला. तो आधी बदलायला हवा होता, हे मला नाकारता येत नाही. या महिन्यात बदलतो.