ऑटोमॅटिक गाडी गरम झाली की झटका देते

घाटवाला: २०१६ ची गाडी, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी), ९२,००० किमी. सकाळी लोण्यासारखी चालते. खंबाटकी घाट चढलो की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कुणीतरी ठोकल्यासारखा झटका. 'आर' (रिव्हर्स) टाकला तर दोन सेकंद काहीच नाही, मग धाडकन. सर्व्हिसवाले म्हणतात, गिअरबॉक्सच बदला. आकडा ऐकून हातातला चहा गार झाला.

ग्रीसहात: थांबा हो, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा. डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) नसेल तर इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या ऑइल-तापमानाला, खालच्या प्लगमधून पातळी बघतात. गार गाडीवर घाईत बघितली असेल तर ती मोजणी सोडून द्या. लालसर रंग ठीक. काळपट आणि जळका वास आला तर गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर शंका.

सोलापूरकर: स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला? पी०७०० असेल तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दुसरा कोड पडलाय. साधा स्कॅनर तिथवर पोचत नाही.

घाटवाला: आज गाडी वर घेतली. पातळी बरीच कमी! ऑइल कूलरच्या पाइपच्या जोडाशी ओल. गिअरबॉक्सच्या तळाच्या चुंबकावर राखाडी चिखल, तुकडे नाहीत.

ग्रीसहात: चिखल चालतो, चकचकीत तुकडे नको. जोड नीट करा, त्याच ग्रेडचं ऑइल भरा आणि अ‍ॅडाप्टेशन (कंट्रोलरने शिकलेल्या गिअर बदलायच्या सवयी) रीसेट करून घ्या. दाबाने फ्लश (यंत्राने आतून धुणं) करू देऊ नका.

घाटवाला: पाइप मागवलाय. शनिवारी पुन्हा खंबाटकी.