ओहायोत हरणाच्या शिकारीला कुठली रायफल घ्यावी? बजेट ५०० डॉलर

खानापूर_स्टेशनरोड:
मंडळी नमस्कार. माझा थोरला ओहायोत कोलंबसला असतोय, औंदा ग्रीन कार्ड हातात आलंय आणि हापिसातली पोरं हरणाच्या शिकारीला चल म्हणून मागं लागल्यात. थँक्सगिव्हिंग झाल्यावर जो सोमवार येतो तिथनं आठवडाभर बंदुकीचा सीझन असतोय म्हणे तिकडं. त्याला रायफल घ्यायचीय, दुर्बिणीसकट ५०० डॉलर, त्याच्यावर एक पैसा नाही म्हणतोय. दुकानात गेला तर .२४३, .३०८, .३०-०६, ६.५ क्रीडमोर असली काडतुसांची नावं ऐकून डोकं फिरलं आणि फोन मला केला, कारण काय तर आमच्या आबांकडं पीक राखायच्या लायसनची बंदूक होती. अरे ती बारा बोअरची सिंगल बॅरल, इलेक्शन आलं की पोलीस ठाण्यात जमा, एरवी माळ्यावर, मला रायफलीतलं काय कळतंय. इथं निम्मे फौजी हायत म्हणून विचारालोय. आणि इथला कायदा मला सांगू नका, माहीत हाय, विषय तिकडचा हाय.

निवृत्त_सुभेदार_कॅम्प:
.३०८ घ्यायला सांगा, डोळे झाकून. आमची फौजेतली एसएलआर रायफल ७.६२ मिलिमीटरची होती ना, .३०८ म्हणजे जवळजवळ तेच काडतूस, १९५२ ला बाजारात आलं आणि मग नाटोनं घेतलं. दीडशे ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २८०० फुटानं जाते, हरीण काय आणि रानडुक्कर काय, जागेवर. नंतर फौजेत इन्सास रायफल आली ५.५६ ची, हलकी आणि चालायला बरी, पण ७.६२ चा दणका तो दणकाच.

टिळकवाडी_तिसरं_गेट:
सुभेदार काका, मान राखून सांगतो, दणका हरणाला बसतोय तसा खांद्याला पण बसतोय की. पोरानं आयुष्यात कधी बंदूक धरली नसेल तर .२४३ बरी, धक्का .३०८ च्या निम्म्याच्या आसपास. धक्क्याला भिणारा माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतोय, मग गोळी हरणाच्या पोटात जाणार आणि ते बिचारं रात्रभर रानात तडफडत फिरणार. आणि फौजेतली बॉल गोळी, म्हणजे सगळी धातूनं मढवलेली, शिकारीला चालत नाही बघा, ती आरपार निघून जाते. शिकारीला सॉफ्ट पॉइंट लागतोय, आत गेल्यावर फुलणारा.

निवृत्त_सुभेदार_कॅम्प:
सॉफ्ट पॉइंट मला पण माहीत हाय. .३०८ मधे पण मिळतोय तो.

शहापूर_ते_सिनसिनाटी:
काका थांबा, पोराला काही घेऊ देऊ नका. मी ओहायोतच आहे. तुम्ही जी जी नावं लिहिलीत त्यातलं एक पण ओहायोत हरणाला चालत नाही 😀 इथं बाटलीसारखी मान असलेलं रायफलचं काडतूस हरणाला बंद आहे, काडतुसाची नळी (केस) सरळ भिंतीची पाहिजे, गोळीची जाडी .३५७ पासून .५० इंचापर्यंत. सपाट शेतीचा मुलुख, पल्ल्याची गोळी चुकली तर कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही म्हणून. बारा बोअरमधे स्लग, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी, घालून चालतंय, आबांची बंदूक इथं असती तर कामाला आली असती.

म्हणून इथं सगळे .३५० लेजंड काडतुसाची रायफल घेतात, नाव .३५० असलं तरी गोळी .३५७ चीच. विंचेस्टरनं २०१९ ला काढलं. दीडशे ग्रेन, २३०० फुटाच्या आसपास, धक्का अगदी कमी, वीसचा बॉक्स वीस-तीस डॉलरला. शंभर यार्डाला झिरो केली, म्हणजे दुर्बिणीचा नेम तिथं जुळवला, तर दोनशेला गोळी सात-आठ इंच खाली येते, म्हणून दीडशेच्या आत ठेवा म्हणावं. इथं झाडीत बसून मारायचं असतं, बरीच हरणं शंभरच्या आतच दिसतात. इथलं हरीण, व्हाइटटेल, म्हणजे आपल्या चितळाएवढंच, नर जरा जड.

रायफल सॅव्हेज अ‍ॅक्सिस नाहीतर मॉसबर्ग पॅट्रियट बघू दे, प्लास्टिकचा दस्ता, दिसायला भिकार, पण शंभर यार्डाला हरणासाठी पाहिजे तेवढी अचूक. अजून स्वस्तात सीव्हीएची स्काउट, एकनळी, मोडून भरायची. वाचलेला पैसा दुर्बीण, काडतुसं आणि रेंजवर घालू दे. फुकट आलेली स्वस्त दुर्बीण संध्याकाळच्या उजेडात काही दाखवत नाही, आणि हरीण नेमकं त्याच वेळेला बाहेर पडतं.

आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन, मग हरणाचं परमिट वेगळं. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं नाहीत, अंगात भगवं जाकीट. ग्रीन कार्ड आहे म्हणून दुकानात फॉर्म भरून, एफबीआयची चौकशी झाली की मिळेल. एच-१बी वाल्याला शिकारीचं लायसन किंवा तसली सूट नसेल तर बंदूक हातात धरणं पण गुन्हा आहे, मित्रांत कोण असेल तर सांगा, हसत हसत फोटो काढायला घेतात पोरं.

जांबोटीकर:
वा, तिकडं परमिट काढून हरीण मारा, आणि आमच्याकडं भीमगडच्या कडेला भात कापायला आला की डुकरं रातभर लोळत्यात, आम्ही डबे वाजवत बसायचं. एक .३५० इकडं पाठवा की 😄

निवृत्त_सुभेदार_कॅम्प:
जांबोटीकर, गमतीत पण असलं लिहू नका. आणि खानापूरकर, पोरगा सुट्टीला येईल तेव्हा बॅगा नीट झाडायला सांगा, जाकिटाच्या खिशात एक काडतूस राहिलं तर विमानतळावरच आर्म्स अ‍ॅक्टची केस. शिंगंबिंगं पण नकोत. कस्टमवाल्याला कोण समजावत बसणार, तिकडचं हरीण का खानापुरातलं.

खानापूर_स्टेशनरोड:
शहापूरकर, लई उपकार झाले, तो उद्याच .३०८ ला पैसे भरणार होता. सुभेदार साहेब, तुमचं पण ध्यानात ठेवतो. एक राहिलं, पोरगा डावखुरा हाय. काय फरक पडतोय का?

शहापूर_ते_सिनसिनाटी:
पडतोय की. बोल्ट, म्हणजे दर गोळीला मागं ओढायचा दांडा, सहसा उजव्या बाजूला असतो, त्याला दर गोळीला हात वरनं न्यावा लागेल. मग ती एकनळीच घेऊ दे, हॅमर (घोडा) मधोमध, दोन्ही हातांना सारखी. पुढच्या शनिवारी मी रेंजवर असणार, यायचं असेल तर मेसेज टाकायला सांगा, माझी चालवून बघू दे आधी.